भाकरी थापली की नेट

आमच्या घरात भाकरी थापली की नेट येतं, ही गोष्ट दानिशच्या अब्बांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकली. हसं मात्र माझं झालं. मी पिठात हात घातला की समोरची सखूबाई खिडकीतून ओरडायची, "अन्वरीभाभी, आलं का वो नेट?" म्या एकदा वैतागून तिला पिठाचा हातच दाखवला. पण खरी हकीगत कुणी धड सांगत न्हाई, म्हणून मीच सांगते. ऐकायचं तर नीट ऐका, मधी मधी बोलू नका.

दानिश माझा एकुलता एक. जन्मापासून त्याला ऐकू येत न्हाई, म्हणून बोलताही येत न्हाई. लोक म्हणायचे, बिचारा. बिचारा कशाचा डोंबलाचा! तो नि मी दिवसभर भांडायचो, हातांनी. तो शाळेत जायच्या आधीच आमी दोघांनी आमच्या खुणा करून घेतल्या होत्या. अब्बा म्हणजे पाना फिरवायचा, कारण ते एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. लग्न म्हणजे कपाळावरून बोटं खाली सोडायची, सेहऱ्यासारखी. आमचं गाव भोर म्हणजे नाक दाबायचं, कारण लहानपणी त्याला स्टँडवरच्या डिझेलचा वास आवडायचा न्हाई. पुढं पुण्याच्या शाळेत त्याला वेगळ्या खुणा शिकवल्या, लिहा-वाचायला शिकवलं. पण घरी आला की आमचंच चालायचं. त्याच्या अब्बांना त्यातलं 'जेव', 'झोप' आणि 'गप' एवढंच कळतं. इतक्या वर्षांत एवढंच.

दोन हजार आठ साली दानिश शारजाला गेला, पुठ्ठ्याची खोकी छापायच्या कारखान्यात. तिकडून तो अब्बांच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा, इंग्रजी अक्षरांत. मला कुराणशरीफ वाचता येतं, पण ती अक्षरं वेगळी. मला मराठीच वाचता येत न्हाई, तिथं हे मुंग्यांसारखं इंग्रजी कुठून वाचू? मग हे चष्मा लावून, मोबाईल लांब धरून, ओठ हलवत पाच मिनिटं वाचायचे, आणि मला सांगायचे, "बरा आहे म्हणतो."

"एवढं मोठं लिवलंय, त्यात एवढंच?"

"मतलब तोच."

माझ्या पोराचं सगळं बोलणं मला असं मतलब काढून मिळायचं. ऊस दुसऱ्यानं खायचा आणि चोयट्या माझ्या हातात. मला किती राग यायचा, काय सांगू.

दानिशला हे ठाऊक होतं. म्हणून जायच्या आधी त्यानं बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर बसवला, त्याच्या डोक्यावर डोळ्याएवढा कॅमेरा लावला, आणि मला बजावलं, इथं बसायचं, मी दिसेन, आपण बोलायचं. राहता राहिलं नेट. आमच्या बाजूला टेलिफोनच्या खांबावर नवी लाईन द्यायला जागाच न्हाई म्हणे. मग शेजारची धनश्री धावून आली. तिचा टायपिंगचा क्लास आहे, तिच्याकडं फोन, नेट, सगळं. तिची नि आमची भिंत एकच. तिच्या बाजूनं त्या भिंतीला नेटचा डबा टांगलेला, दोन शिंगांचा. आमच्या बाजूनं तिथंच माझं स्वयंपाकघर, आणि त्याच्या पुढं बाहेरची खोली. ती म्हणाली, "चाची, माझं नेट हवेतनं तुमच्याकडे येईल. तार नको, काही नको." कॉम्प्युटरला मागनं एक छोटी काडी खोचली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाच हिरव्या रेघा उभ्या राहिल्या. पाची दिसल्या तर नेट भरपूर, एकच दिसली तर बोंबला.

पाची रेघा आमी क्वचितच बघितल्या. दानिशच्या खोलीत पाच पोरांत मिळून एक कॉम्प्युटर. त्याची पाळी शुक्रवारी, आपल्याकडं तीन वाजता, अर्धा तास. मी दोन वाजल्यापासून खुर्चीवर बसायची. तीन वाजता पोराचं तोंड दिसायचं, हात वर यायचे, आणि तिथंच सगळं थिजायचं. एकदा तर तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात कानापाशी, असा वीस मिनिटं राहिला. मी त्या थिजलेल्या चित्राकडं बघत वीस मिनिटं बसले. दुसरं काय करणार? तेवढाच दिसत होता.

अशात नसरापूरहून स्थळ आलं. हायवेला टायरचं दुकान आहे त्यांचं. मुलगी नुजहत, बारावी झालेली, बालवाडीत शिकवते. माणसं सरळ. दानिशचं सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं, काही लपवाछपवी न्हाई. मुलीला आमी बघून आलो. मला आवडली. चहा देताना बशीत सांडला, तर घाबरली न्हाई, हसली. फोटो दानिशला पाठवला, ह्यांनी मेसेज केला, दोन दिवसांनी उत्तर आलं. चष्मा, लांब हात, ओठ हलवणं, सगळं झालं.

"हो म्हणतो," हे म्हणाले.

"आणि?"

"आणि काय? हो म्हणतो. मतलब तोच."

हे पोरगं अब्बांना न्हाई म्हणत न्हाई. शारजाला जा म्हणाले, गेला. मला त्याचं तोंड बघायचं होतं. हो म्हणताना त्याच्या भुवया कुठं असतात ते मला माहीत आहे, ह्यांना न्हाई, आणि मेसेजात भुवया येत न्हाईत. म्या सांगून टाकलं, "तो मला हातानं सांगेल तेव्हाच हो. तोवर नसरापूरला शब्द द्यायचा न्हाई."

"अगं, ते पुढल्या शुक्रवारी उत्तराला येणारेत!"

"मग पुढल्या शुक्रवारपर्यंत नेट नीट करा. मोठे मेकॅनिक ना तुमी?"

झालं! ह्यांच्या वर्मावर बोट पडलं. ह्यांनी तेहतीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, वरंधा घाटात बंद पडलेली गाडी पावसात उभं राहून चालू केली, त्या माणसाला एक काडी जुमानेना म्हणजे काय! लगेच कामाला लागले. आधी ती काडी उपसली आणि पॉलिशपेपरनं घासायला घेतली.

"चाचा! अहो काय करताय!" धनश्री दारातनंच किंचाळली.

"टर्मिनल साफ करतोय. टर्मिनलला घाण बसली की करंट पास होत न्हाई. हे नवीन पोरांना शिकवत न्हाईत."

धनश्रीनं ती काडी त्यांच्या हातातनं काढून घेतली. मग तिनं तिचे उपाय केले. डबा बंद करून चालू केला. शिंगं उभी केली, आडवी केली. लांब वायर आणून काडी आधी पडद्याच्या दांडीला बांधली, मग घड्याळाच्या खिळ्याला, मग खिडकीच्या गजाला. माझी बाहेरची खोली म्हणजे जत्रेतलं दुकान झाली. रेघा कधी दोन, कधी एक, कधी काहीच न्हाई. मधीच विचारलं न सांगितलं पाची. आणि 'आल्या, आल्या' म्हणेपर्यंत गुल!

पण धनश्री चिकट पोरगी. तिनं एक वही केली. नेट कधी येतं, कधी जातं, ते लिहायला ह्यांना बसवलं. ह्यांनी गाडीच्या लॉगशीटसारखं पेनानं रेघा मारून लिहिलं, खाली सह्यासुद्धा केल्या. सहा दिवसांनी, म्हणजे बुधवारी, धनश्रीनं वही वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"चाची, रोज सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा नेट एकदम झकास. आणि संध्याकाळी सात ते पावणेआठ. बाकी दिवसभर रडगाणं. या वेळेला तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? भाकऱ्या."

ती नि हे एकमेकांकडं बघायला लागले. ह्यांनी मांडीवर थाप मारली. "सापडलं! गॅस! गॅस पेटला की भिंत तापते, भिंत तापली की पलीकडचा डबा तापतो, आणि डबा तापला की नेट सुटतं. हिर्डोशीची मुक्कामी गाडी थंडीत चालू व्हायची न्हाई, तेव्हा आमी गरम पाणी ओतायचो. तसंच हे."

धनश्रीनं नुसता गॅस पेटवून बघितला. एक रेघ. पाणी उकळलं. एकच रेघ. "चाचा, उष्णता नाही."

"मग हादरा. ही भाकरी थापते ती अशी थापते की शेजारी भांडी वाजतात. कुठंतरी लूज कॉन्टॅक्ट आहे, थापलं की जुळतं." असं म्हणून ह्यांनी भिंतीवर बुक्क्या मारल्या. सखूबाई खिडकीत आली. रेघ एकच.

"चाची, तुम्ही खरंच भाकरी करा बघू," धनश्री म्हणाली.

दुपारी चार वाजता कोण भाकरी करतं? पण केली. परात काढली, तांदळाचं पीठ घेतलं, गरम पाणी घातलं, मळलं, थापायला लागले. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "पाच! पाची रेघा!" मी थापत राहिले, रेघा राहिल्या. अकरा भाकऱ्या झाल्या, पीठ संपलं, मी परात धुऊन जागेवर ठेवली, हात पुसले. "गेलं!" म्हणून हे ओरडले. दुसऱ्या दिवशी गुरुवारी दुपारी परत तेच केलं, परत तेच झालं. आता शंकाच उरली न्हाई. भाकरी थापली की नेट येतं, भाकरी संपली की जातं. का, ते अल्लाला ठाऊक. धनश्रीनं वहीत लिहिलं, 'कारण कळत नाही, पण होतं.' आणि हे गल्लीभर सांगून आले.

दोन दिवस आमी भाकऱ्याच खाल्ल्या. उरलेल्या सखूबाईकडं दिल्या. तिला हसायला काय जातंय?

शुक्रवार उजाडला. पाव्हणे यायचे म्हणजे आमच्याकडं पहिलं काम मांडणीचं. घरात आलेला पाव्हणा आधी मांडणी बघतो, मग माणसं. सकाळी आठला सगळी भांडी खाली काढली. डबे, पातेली, तांबे, सगळं घासून लख्ख केलं, आणि भिंतीच्या मधोमध माझी परात उभी केली. तांब्याची आहे, आतून कल्हई केलेली, माझ्या दोन हातांत मावत न्हाई एवढी. विंझरच्या माहेरून माझ्याबरोबर आली. चिंच लावून घासली की नुसती बघत राहावी अशी. बिर्याणी दहाला दमावर लावली. सगळं नीट होतं. पण तीन वाजता पाव्हण्यांसमोर ती चकचकीत परात काढून परत पिठात बुडवायची, या विचारानं माझा जीव जळत होता.

पाव्हणे अडीचलाच आले. नुजहतचे वडील आणि तिची आई निलोफर. वडील नि हे लगेच टायर नि इंजिनात शिरले. बिर्याणी झाली, पानं झाली. तीनला पाच मिनिटं असताना म्या म्हटलं, "आता दानिश दिसंल. त्याच्याशी बोलून मग उत्तर देते." आणि उठून स्वयंपाकघरात गेले, परात काढली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भाकरी थापायची म्याच, आणि कॅमेऱ्यापुढं हातांनी बोलायचं तेही म्याच! दोन्ही हात एकाच वेळी दोन ठिकाणी कसे जाणार? इतके दिवस तिघांपैकी एकालाही हे सुचलं न्हाई. बघा आमची अक्कल.

"मी करते," धनश्री म्हणाली, आणि परातीपुढं बसली. हुशार पोरगी, पण पहिली भाकरी तिच्या हातात तुटली, दुसरी तव्यावर पडण्याऐवजी गॅसवर पडली. धूर झाला. तेवढ्यात निलोफर आत आली. बिर्याणी खाऊन झाल्यावर हे लोक भाकऱ्या का करतायत, असा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. धनश्रीनं घाईघाईत सांगितलं, "भाकरी थांबवली तर नेट जातं."

दुसरी कुणी असती तर असल्या येड्यांच्या घरात मुलगी न्हाई देत म्हणून उठून गेली असती. निलोफरनं बाही वर सारली. "सरका बाई," ती म्हणाली, "हे आमचं काम आहे." आणि अशी थापायला लागली की मी बघतच राहिले. मुलीची आई आमच्या घरात भाकरी थापतेय, आणि मी तिला पाट द्यायलासुद्धा थांबले न्हाई, बाहेर पळाले. शरम वाटली, पण पळाले.

पाची रेघा होत्या. दानिश दिसला. नीट दिसला, हलताना. बारीक झाला होता, दाढी राखली होती. मला रडू आलं, ते आवरलं, कारण अर्धाच तास होता. म्या सेहऱ्याची खूण केली, मग नसरापूरच्या मुलीसाठी डोक्यावरून ओढणी घेतली, मग त्याच्या छातीकडं बोट केलं. तू? खरं सांग.

त्यानं तळहातावर लिहिल्याची खूण केली. मी लिहिलं होतं.

काय लिहिलं होतंस?

त्यानं हात वर नेला, डोक्यावरून ओढणी घेतल्यासारखा, आणि तिथंच थिजला.

"अरे!" ह्यांनी कॉम्प्युटरवर थाप मारली.

"काय म्हणतो पोरगा?" नुजहतच्या वडिलांनी विचारलं.

"हो म्हणतो," हे म्हणाले.

"डोक्यावर हात ठेवून कोण हो म्हणतं?" मी ओरडले. "निलोफरबाई, थांबू नका हो!"

आतून निलोफरचा आवाज आला, "थांबले कुठं? तव्यावर आहे की भाकरी, फुगतेय! पीठ संपलं म्हणून परात घासून जागेवर ठेवली तेवढी. दुसऱ्याच्या घरात आपला पसारा आपण आवरायला नको का?"

मी दारातून बघितलं. धनश्री स्वयंपाकघराच्या मधोमध उभी. तिनं गॅसकडं बघितलं, तव्यावरच्या भाकरीकडं बघितलं, मग भिंतीवर उभ्या माझ्या परातीकडं बघितलं. हळूच गेली आणि परात उचलली.

"आलं!" बाहेरून हे.

तिनं परात ठेवली.

"गेलं!"

उचलली. "आलं!" ठेवली. "गेलं!"

"चाची," धनश्री कपाळावर हात मारून म्हणाली, "भाकरीचा काही संबंध नाही हो! या भिंतीच्या बरोबर पलीकडे माझा डबा आहे. एवढं मोठं तांबं त्याच्या तोंडाशी उभं केल्यावर नेट येईल कुठून? परात भाकरीला खाली येते, म्हणून तेवढ्यापुरतं नेट येतं!" असं म्हणून ती परात मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली, कुणी काढून नेईल की काय अशी. आठ दिवस आमी काड्या टांगल्या, बुक्क्या मारल्या, नि गुन्हेगार कोण, तर माझ्या माहेरची परात! निलोफर हसून हसून खाली बसली.

पण मला हसायला वेळ नव्हता. दानिश परत हलायला लागला होता. दहा मिनिटं राहिली होती. म्या खूण केली, परत सांग, सगळं, हळू सांग.

त्यानं सांगितलं. डोक्यावर ओढणी, म्हणजे ती. ओठांपासून बोट पुढं, म्हणजे विचारलं? तिला विचारलं? ती हो, तर मी हो. आणि त्याच्या भुवया जिथं असायला पाहिजेत तिथंच होत्या. पोरगं मनापासून बोलत होतं.

मी ह्यांच्याकडं वळले. "मोबाईल द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना!"

म्या तो धनश्रीपुढं धरला. तिनं परात मांडीवर तशीच धरून मेसेज काढला आणि मोठ्यानं वाचला. "अब्बा, मुलगी चांगली वाटते. पण आधी तिला विचारा. मी बोलत नाही हे तिला चालेल का, तिच्या घरच्यांना नाही, तिला. तिचं हो असेल तर माझं हो. अम्मीला पूर्ण वाचून दाखवा."

पूर्ण वाचून दाखवा! माझं डोकंच फिरलं. "हे 'हो म्हणतो' आहे होय?"

"शेवटी हो लिहिलंय की," हे चष्मा पुसत म्हणाले. "मतलब तोच..."

"मतलब गेला खड्ड्यात! माझ्या पोरानं लिहिलेला एकेक शब्द मला पाहिजे होता!"

पाव्हण्यांसमोर मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. हे खाली बघत राहिले. माणूस वाईट न्हाई हो. तेहतीस वर्षं साहेबांना 'गाडी तयार' एवढंच सांगायची सवय, काय झालं नि कसं झालं ते कुणाला ऐकायचंच नसायचं. पण माझा राग काही उतरला न्हाई.

म्या नुजहतच्या वडिलांना विचारलं, "तो विचारतोय, नुजहतला विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात?" ते म्हणाले. "पोरगी आमच्या शब्दाबाहेर न्हाई."

"माझाही न्हाई. त्याचीच तर मला भीती होती. पण त्यानं विचारलंय."

ते निलोफरकडं बघायला लागले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओले. "न्हाई विचारलं," ती म्हणाली. "म्याही न्हाई. मला तरी कुठं कुणी विचारलं होतं?"

तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला, तरी कुणी उठेना. आणि खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. आठ दिवस मी पोराच्या भुवया बघायच्या म्हणून घर डोक्यावर घेतलं. त्या मुलीच्या मनात काय आहे, हे माझ्या एकदाही मनात आलं न्हाई. बघायला गेलो तेव्हा तिचा चहा बघितला, हसणं बघितलं, आवडली म्हणून टाकलं. मलाही माझ्या वेळेला कुणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा मी विंझरच्या घरात मागच्या दाराशी बसून किती रडले होते, ते मी पार विसरून गेले होते.

दानिश पडद्यावर वाट बघत होता. म्या त्याला खूण केली, विचारते. त्यानं मान हलवली, आणि त्याची पाळी संपली.

त्या दिवशी होही झालं न्हाई, न्हाईही झालं न्हाई. निलोफर जाताना चपला घालता घालता म्हणाली, "पुढल्या शुक्रवारी तिलाच घेऊन येते. तिचं तिला बोलू दे." नवऱ्याच्या तोंडाकडं तिनं बघितलंसुद्धा न्हाई. धनश्रीच्या फोनची तार आखूड, तिचा डबा काही हलेना, म्हणून परात बाहेरच्या खोलीत कॉटखाली गेली. सखूबाईला सगळं कळलं आणि पुढं महिनाभर ती मला "परात कशी आहे?" असं विचारायची.

पुढल्या शुक्रवारी नुजहत आली. तीनला पाच मिनिटं असताना मी माझी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. म्हटलं, त्याचं बोलणं हिला मी सांगणार, हिचं त्याला मी सांगणार. माझ्याशिवाय यांचं चालणार कसं? दानिश दिसला. हिनं सलाम केला, त्यानं केला. मग हिनं पुढ्यातला कीबोर्ड ओढला आणि टकाटक टाईप करायला लागली. पलीकडं तोही खाली बघून टाईप करायला लागला. दोघं वाचायचे, लिहायचे, मधीच हसायचे. आणि मी मधी बसलेली, एक अक्षर कळत न्हाई! मी दोनदा विचारलं, "काय म्हणतो?" ती लाजून म्हणाली, "काही न्हाई खाला."

त्यानंतर निलोफरनं माझा दंड धरून मला उठवलं, स्वयंपाकघरात नेलं आणि मधलं दार लोटून घेतलं. माझ्याच घरात! मी सुपात तांदूळ निवडायला घेतले नि खड्यांबरोबर चांगले तांदूळही फेकत राहिले. राग यायचा, मग वाटायचं, न्हाई म्हणाली तर? मग वाटायचं, म्हणू दे, तिचा हक्क आहे. मग परत वाटायचं, न्हाई म्हणाली तर माझं पोरगं काय करेल एकटं तिकडं? निलोफर नुसती माझ्या शेजारी बसून राहिली.

वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. नुजहत दारात उभी. तोंड लाल झालेलं, डोळे ओले.

"खाला," ती म्हणाली, "'मी थांबते' असं हातानं कसं सांगायचं?"

"लिही की. तुला लिहिता येतंय."

"लिहिलं. त्यांनी वाचलं. पण ते म्हणतात, अम्मीच्या खुणेनं सांग."

म्या सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि तिला दाखवलं. हात आधी छातीवर ठेवायचा, मग दुसऱ्या हाताच्या मुठीवर अलगद टेकवायचा आणि उचलायचा न्हाई. दानिश लहान असताना मी बाजारात जायची, तेव्हा तो उंबऱ्यात बसून मला ही खूण करायचा. बाहेरच्या कुणाला ती आमी कधी शिकवली नव्हती. तिनं करून बघितली, पण हात लगेच उचलला.

"असं न्हाई. राहू दे तो तिथंच."

तिनं परत केली. या वेळेला हात उचलला न्हाई.

"बरोबर?" तिनं विचारलं.

"बरोबर," म्या म्हटलं. "जा लवकर, त्याची पाळी संपंल."

ती बाहेर पळाली. निलोफर दार लोटायला उठली, पण तिच्या आधी मीच ते लोटून घेतलं.